मिशीला आंबील

औषध कंपनीच्या फिरत्या माणसाची तब्येत मित्र फोनवर कधी विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच : ‘कुठं हैस?’ त्यात माया असतेच, पण मायेच्या मागं एक पिशवीही असते. नांदेडात डॉक्टर लेनला बसलोय म्हटलं, की पलीकडचा आवाज खुलतो. ‘मग उद्या लातूरला जाऊलालास की! पोराला डबा पोचव जरा.’

आमच्या वयाच्या निम्म्या मित्रांची पोरं लातुरात. बारावीला, नाहीतर नीट ‘रिपीट’ करायला. लातूर पॅटर्ननं डॉक्टर किती घडवले ते बोर्ड जाणे. माझी मैत्री मात्र त्यानंच तगवली. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत मी धपाटे न् शेंगदाण्याची चटणी वाहतो. वाटेत एखादा धपाटा कमी होतो, ती आमची जकात. देगलूरच्या मित्राचं तोंड कैक वर्षांत पाहिलेलं नाही, पण धपाट्यात मीठ जास्त झालं की त्याच्या घरी काहीतरी वाजलंय हे मला कळतं. ट्यूशन एरियातली पोरं मला ‘डबेवाले काका’ म्हणतात.

  

मिरजेच्या मित्राचं मात्र लातुरात कुणी शिकत नव्हतं, म्हणून तो हातचा गेल्यातच जमा होता. तो परत सापडला एप्रिल 2016 मध्ये. लातूरचे नळ कोरडे पडलेले आणि मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आलेली : 10 वाघिणी, 5 लाख लिटर. सकाळीच फोन. ‘पाणी पाठवलंय. पोचलं का बघ.’ जणू यानंच पहाटे उठून कळशीनं भरलं होतं! पोचलं म्हणून सांगितलं, तर म्हणतो, ‘आता वाघिणी रिकाम्या धाडू नका. रिकामं भांडं परत करू नये, एवढी तरी रीत पाळा.’

न भेटता नाती टिकवायच्या विद्येतली खरी उस्ताद मंडळी माळेगावच्या यात्रेत दिसतात. मार्गशीर्षात खंडोबाची देवस्वारी निघते, घोड्या-गाढवांचा बाजार भरतो आणि कुठकुठल्या भटक्या जमाती येऊन पालं ठोकतात. एरवी कोण कोणत्या रस्त्याला असेल, पत्ता नाही. तरी इथं सोयरिकी जुळतात, भांडणं मिटतात. ‘अरे, फोन करणारच होतो’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. तारीख देवाची, गाठ चुकली तर पुढल्या साली. मधल्या महिन्यांचा हिशेब मागायचा नाही, ही अट तर मला फारच सोयीची वाटते.

त्याच सुमाराला लातूरकडं येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, येते. जिल्ह्याला सुट्टी, शहर ओस, झाडून सगळे शेतात. डॉक्टरच दवाखान्यात नाहीत म्हटल्यावर माझीही सुट्टी. मला स्वतःचं शेत नाही, त्यामुळं सगळ्यांची शेतं माझीच. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसते : भज्जी, बाजरीचे उंडे, वर आंबील. चाकूरच्या शेतात गळ्यापर्यंत जेवून औशाच्या बांधावर ‘सकाळपासून उपाशी हाय’ म्हणत मांडी घालायची, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

मागं औशाचा मित्र ताट वाढता वाढता थांबला.

‘कुणाच्या शेतातनं यायलास रं? मिशीला आंबील हाय.’

मी मिशी पुसली.

‘चाकूरची असंल,’ तो म्हणाला. ‘पातळ दिसायली.’