केबल कापली, आता मेरिट!

घरात कोणी दहावीला गेलं की पहिली कुऱ्हाड केबलवर पडते. रिमोट आईच्या उशीखाली, वायफायचा पासवर्ड बदललेला. ‘यंदा आम्ही टीव्ही बंद केलाय हं,’ असं नातेवाइकांना अशा सुरात कळवलं जातं, की निम्मे गुण पदरात पडलेच! मग आई शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला जाते ती मालिका संपल्यावरच परतते. बाबांचं पोट नेमकं मॅचच्या दिवशी बिघडतं आणि ते मोबाइलसह संडासात मुक्काम ठोकतात. कार्टं? क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या नोट्स उतरवायला मित्राकडे. मित्राकडे नेट सुसाट आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने २०२२ मध्ये त्यापेक्षा सरळ मार्ग काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावाचे टीव्ही-मोबाइल बंद. अख्ख्या गावाचे, म्हणजे बापाचाही! (खरी मेख इथेच आहे.) हा ठराव एखाद्या शहरी सोसायटीच्या सभेत मांडून बघा, पार्किंगची भांडणं परवडली म्हणाल.

पुण्याच्या पेठांतले स्पर्धा परीक्षावाले तर याच्याही पुढे गेलेत. खोलीवर टीव्ही नाही, नेट नाही; चित्त विचलित होऊ नये म्हणून महिन्याचे पैसे मोजून अभ्यासिकेत खुर्ची धरायची. त्या अभ्यासिकेच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत सोयी दिलेल्या असतात : शांत वातावरण, थंड पाणी, हायस्पीड वायफाय मोफत.