आखेन व्हाया मंचर : नवशिक्यांसाठी

आंबेगाव-जुन्नरकडची जी मुलं-मुली यंदा जर्मनीला शिकायला निघालीत, त्यांनी हे वाचावं. ज्यांना जाऊन दोन वर्षं झालीत त्यांनी वाचू नये. त्यांना हसू येणार नाही.

सुरुवात गावाच्या नावापासून. उच्चार 'आखेन'. कागदावर 'आचेन' दिसतं म्हणून भाऊकीत सगळे 'आचेन'च म्हणणार. तिथे वाद घालू नये. आजीला तर नुसतं 'जर्मन' कळतं, आणि आपल्याकडे जर्मन म्हणजे पातेलं. माझी आजी निघायच्या दिवसापर्यंत विचारत होती, की भांड्यांचं शिकायला एवढ्या लांब कशाला? मी धातूशास्त्र शिकायला चाललो होतो, त्यामुळे तिचं फारसं चुकतही नव्हतं.

मग पैसा. व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात टाकून दाखवावी लागते. 2024 च्या सप्टेंबरपासून हा आकडा 11,904 युरो आहे. तिकडे पोचलं की त्यातलेच महिन्याला 992 युरो आपल्या हातात पडतात. वडिलांना हे समजावताना बँकेचं पत्रक पुढे करू नये. उसाचं बिल म्हणावं. माल आधीच गेलाय, पैसे आपलेच आहेत, आता हप्त्याने यायचे. फरक एवढाच, की हा हप्ता ठरल्या तारखेला येतो. माझे वडील हे ऐकून जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तारखेला?"

बॅग भरताना आईला काहीतरी काम काढून बाहेर पाठवावं. ते जमलं नाही तर किराणा दुकानातला काटा उसना आणावा आणि तेवीस किलोला काटा टेकला की थांबावं. आई थांबत नाही. काळा मसाला, लसूण-खोबऱ्याचं तिखट, बाजरीचं पीठ, तीन लिटरचा कुकर, हे सगळं चालतं. घरचं तूप चालत नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ही बंदी आईला सांगायची हिंमत ज्याची त्याने करावी. मी केली. तिने तुपाची बरणी काढली आणि ती जागा शेंगदाण्याच्या चटणीने भरली. वजन अर्धा किलोने वाढलं.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत राहत्या पत्त्याची नोंद करायची असते. सोबत घरमालकाचं पत्र लागतं. पत्त्याच्या नोंदीशिवाय पुढची कामं अडतात, आणि पत्ता म्हणजे खोली, जी मिळत नाही. तलाठ्याकडे चार हेलपाटे घातलेल्या घरातली मुलं इथे टिकतात. बाकीची रडतात.

आता स्वयंपाकाकडे वळू, कारण नवशिक्या मरतो तो इथेच. वसतिगृहात छताला एक पांढरी डबी असते. तिला धूर चालत नाही. तेल तापून मोहरी तडतडली, वर ठेचलेला लसूण पडला, की मंचरला शेजारची काकू विचारते, 'आज काय केलंय गं?' इथे ती डबी विचारते, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं विचारते. पहिल्याच महिन्यात माझ्या फोडणीपायी अकरा जण नोव्हेंबरच्या थंडीत चपला घालून पायऱ्यांवर उभे राहिले. कुणाच्या अंगाला टॉवेल, कुणाच्या हातात दात घासायचा ब्रश. अग्निशामक दलाचे दोघे आले, त्यांनी खिडकी उघडली, गॅस नव्हे तर विजेची शेगडी आहे हे बघितलं आणि गेले. आग नव्हतीच. पण नंतर व्यवस्थापनाचा फॉर्म आला : धूर कशामुळे झाला? मी शब्दकोशात बघून मोहरीचा शब्द लिहिला, 'झेन्फ'. जर्मनीत झेन्फ म्हणजे सॉसेजला लावायची थंडगार पिवळी चटणी. दोन दिवसांनी मला बोलावून एका बाईंनी शांतपणे विचारलं, की चटणीला आग कशी लागली? नवशिक्याने आधी खिडकी उघडावी, मग तेल ठेवावं. आणि 'मोहरीचे दाणे' असं पूर्ण लिहावं.

शांततेचं थोडं सांगतो. आपल्याकडे रात्रीच्या लाइटला उसाला पाणी धरायला जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावायची, बिबट्याला आपण आल्याचं कळावं म्हणून. ही सवय आखेनला रात्री दहानंतर सोडावी. तिथे बिबट्या नाही, खालच्या मजल्यावरचे आजोबा आहेत.

फोनचं गणित पाठ करून ठेवावं. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, आपल्या आत्याची सरकत नाहीत. आत्या सकाळी सहाला, देवपूजा झाली की फोन करते. डिसेंबरात तेव्हा आखेनला रात्रीचा दीड वाजलेला असतो. इरावती कर्वे 1930 साली बर्लिनहून डॉक्टरेट मिळवून आल्या, त्या काळी पत्र बोटीने जायचं आणि बोटीनेच यायचं. मधल्या वेळात माणूस अभ्यास करू शकत असे.

प्रवास मात्र मनसोक्त करावा. मंचरला रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे पहिले सहा महिने फलाटावर नुसतं उभं राहायलाही बरं वाटतं. मे 2023 पासून अख्ख्या जर्मनीला चालणारा एकच मासिक पास निघालाय, विद्यार्थ्यांना तो आणखी स्वस्तात पडतो. एसटीच्या पासासारखाच समजावा : साध्या गाड्या चालतील, निमआराम चालणार नाही. गाडी सहा मिनिटं उशिरा आली की फलाटावरची माणसं एकमेकांकडे बघून मान हलवतात. आपणही हलवावी. पण स्टँडवर तासभर एसटीची वाट बघताना जसं शेजारच्याचं गाव, पाहुणे, पीकपाणी विचारून होतं, तसं विचारू नये. मी एकदा विचारलं. ते गृहस्थ पुढच्या डब्यात जाऊन बसले.

आखेनची खरी मजा सीमेवर आहे. शहरातून बसने सुटलं की थोड्याच वेळात फाल्स लागतं, म्हणजे हॉलंड. तिथून टेकडी चढून गेलं की जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम एका दगडापाशी मिळतात. ही टेकडी म्हणजे हॉलंडच्या मुख्य भूमीवरचं सर्वात उंच ठिकाण, 322 मीटर. लोक तिथे फोटो काढतात. व्हिडिओ कॉलवर वडिलांना दाखवली तर म्हणाले, "चढ कुठंय?" आपलं मंचरच तिच्याहून उंचावर आहे, भीमाशंकरचं तर नावच काढू नका.

त्या टेकडीच्या अंगाला अजून एक गोष्ट घडलेली आहे आणि ती आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. नेपोलियननंतर वाटण्या झाल्या तेव्हा एका जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि हॉलंडचं जमेना. शेवटी साडेतीन चौरस किलोमीटरची ती पट्टी कुणाचीच नाही असं ठरलं, आणि 1816 पासून 1920 पर्यंत ती तशीच राहिली. शंभर वर्षं बांध कोरायचा वाद! जर्मन मित्राला यात इतिहास दिसला. मला आमची चुलत्यांची विहीर दिसली.

फाल्सला जायचं खरं कारण मात्र वेगळं असतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, हॉलंडमध्ये उघडी. शनिवारी आळस केलेला विद्यार्थी रविवारी बसने परदेशी जातो आणि कांदे घेऊन येतो.

कांद्याशी नवशिक्याने जरा जपून वागावं. हॉलंड हा कांदा निर्यात करणारा जगातला मोठा देश, म्हणजे आपला थेट भाऊबंद. डिसेंबर 2023 मध्ये आपल्याकडे निर्यातबंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली. तो सगळा हिवाळा मी फाल्सच्या दुकानात कांद्याच्या फळीपाशी उभा राहायचो. एक किलोची लाल जाळी, सगळे कांदे एका मापाचे, गोल्टी नाही, बदला नाही. घरी वडील रोज बाजार समितीतला भाव सांगायचे, दहा किलोचा. बराखी भरलेली होती आणि भाव खाली चालला होता. मी त्या जाळीचा फोटो पाठवला. पाठवायला नको होता.

पाच मिनिटांनी फोन.

"साल ओढून बघ. डबल पत्ती आहे का?"

मी दुकानातच एक कांदा दाबून बघितला. साल पातळ होती, नखाने लगेच सुटली. तसं सांगितलं.

"मग टिकणार नाही," वडील म्हणाले. आवाजात बऱ्याच दिवसांनी जरा जोर होता. "दहा किलोला काय पडला?"

इथे युरोचे रुपये करायचे असतात. ते लगेच करू नयेत. आवाज नीट येत नाही म्हणावं, बसथांब्यापर्यंत चालत जावं, तेवढ्यात त्यांचं जेवण होतं.