रूट कॉज नाना

कंपनीतून रिटायर झालेला माणूस तुमच्याही आळीत असणारच. कंपनी सुटते, कंपनीची भाषा सुटत नाही. आमचे नाना पिंपरीच्या एका कारखान्यात जन्मभर 'क्वालिटीला' होते. आता चाकणजवळच्या गावी घरी असतात, म्हणजे दुसऱ्यांच्या घरी असतात. कुणाकडे उंदीर झाले ही बातमी त्यांना घरमालकाच्या आधी लागते. चपला काढता काढताच विचारतात, "रूट कॉज काय?"

जिच्या ठेवणीतल्या लुगड्याला भोकं पडलीत ती बाई काय सांगणार? "उंदीर!" ती म्हणते.

"वहिनी, उंदीर हा डिफेक्ट झाला. मी कॉज विचारतोय."

मग खडू निघतो. ओसरीच्या भिंतीवर माशाचा सांगाडा उमटतो, त्याचं नाव 'फिशबोन'. एका काट्यावर 'मॅन', दुसऱ्यावर 'मशीन', पुढे 'मटेरियल', 'मेथड'. एकदा 'मॅन'च्या काट्यावर त्यांनी त्या घरच्या सासूबाईंचं नाव लिहिलं, कारण दुरडीतली भाकरी त्या रात्री उघडी ठेवायच्या. पुढे आठवडाभर त्या घरात उंदरांकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

टोयोटावाल्यांची रीत आहे म्हणे, पाच वेळा 'का' विचारलं की मूळ हाती लागतं. नाना ही रीत गोठ्यापासून देवघरापर्यंत सगळीकडे चालवतात. एकाने नवी गाडी गोठ्याशेजारी लावली आणि उंदरांनी रातोरात वायरिंग तोडलं. मालक रडकुंडीला आलेला. नानांनी बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, की उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, कुरतडलं नाही तर त्याला तोंड मिटता येणार नाही. "म्हणजे तो नुकसान करत नाहीये, मेंटेनन्स करतोय. तू गाडी इथं लावलीस का?" मालकाने जे उत्तर दिलं ते छापता येत नाही.

औषधाच्या बाबतीत मात्र नानांचा शब्द प्रमाण. झिंक फॉस्फाईड शंभर भागांत दोनच भाग, बाकी ज्वारीचा भरडा आणि थोडं गोडेतेल. तेही लगेच नाही. आधी दोन-तीन रात्री नुसता भरडा ठेवायचा, ही 'ट्रायल रन'. उंदीर संशयी. नव्या खाण्याचा आधी कण चाखतो, पोट बिघडलं तर पुन्हा त्याला शिवत नाही. आणि त्याला ओकता येत नाही, त्यामुळे भरपेट खाल्लं की संपलं. शेजारच्या उतावळ्या पोराने पहिल्याच रात्री विष मांडलं. उंदरांनी चव घेतली आणि मोर्चा तांदळाकडे वळवला. नाना म्हणाले, "कस्टमरचा विश्वास गेला."

प्लेगचा विषय काढू नका, असं मी नव्या भाडेकरूंना बजावून ठेवतो. तरी कुणीतरी काढतंच. चापेकर बंधू चिंचवडचे, म्हणजे नानांच्या मते घरचेच. २२ जून १८९७ ला चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली ही गोष्ट आम्हाला शाळेत शिकवली, नाना तिचं ऑडिट करतात. "घरांच्या झडत्या घेतल्या, माणसं उचलून नेली, सामान जाळलं. रूट कॉज बघितलं का? उंदराच्या अंगावरची पिसू! ती सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला सापडली १८९८ साली, कराचीत. वर्षभर आधी सापडली असती तर..." इथे ते थांबतात. रँड वाचला असता, हे म्हणणं चिंचवडच्या माणसाच्या जिभेवर येत नाही.

परवा एका एकट्या राहणाऱ्या आजीकडे मीही गेलो होतो. उंदीर का? धान्य पोत्यात. पोत्यात का? कणगी मोडली. नवी का नाही केली? भरायला शेतातलं यायला तर पाहिजे. का येत नाही? "शेत कंपनीला गेलं की रं," आजी म्हणाली. पाचवा 'का' नानांनी विचारला नाही. खडू खिशात टाकला.

वाटेत म्हणाले, "जेसीबी लागला तेव्हा बांध गेले. बांधाबरोबर धामण गेली, घुबड गेलं. उंदीर तेवढा गावात आला. त्याला कुणी मोबदला दिला नाही." त्याच पट्ट्यात नानांचं रानही होतं. पोरगा आता तिथल्याच एका शेडमध्ये कॉन्ट्रॅक्टवर आहे, हे ते कधी बोलत नाहीत.

संध्याकाळी ते पुन्हा आजीकडे गेले. बिळांत काचा कोंबून वर सिमेंट लावलं, दाराच्या फटीला पत्र्याची पट्टी मारली, झाकणाचं एक पिंप स्वतःच्या घरातून आणून दिलं. मान्य करायला जड जातं, पण हे काम गावात दुसरं कुणी करत नाही.

तुमच्याकडे उंदीर झाले असतील तर आधी फटी बघा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरातला छोटा उंदीर सहज जातो. फटी बुजवा, धान्य झाका, विष कोंबड्या-पोरांपासून लांब ठेवा. एवढं करून जमलं नाही तर नानांना बोलवा. पैसे घेत नाहीत. दोन कप चहा लागतो, आणि भिंतीला नवा रंग दिला असेल तर त्यांना अंगणातच बसवा.