दर्शनकार

मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूर किंवा लातूरहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या आणि पुढचे चार दिवस आपल्या अपत्यांना हे शहर ‘दाखवून’ परत नेणाऱ्या गृहस्थाला प्रस्तुत लेखात दर्शनकार म्हटले आहे. सांख्य, न्याय, वेदान्त इत्यादी दर्शनांच्या प्रवर्तकांनाही हीच संज्ञा लावतात, हे खरे. परंतु त्या दर्शनकारांकडे शिष्य आपल्या पायांनी चालत येत, तर या दर्शनकाराला आपला शिष्यवर्ग दंडाला धरून चालवावा लागतो, एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे घोटाळा होत नाही.

दर्शनकार चाळिशी ओलांडलेला असतो, बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात नोकरीला असतो, आणि त्याची रजा फेब्रुवारीतच मंजूर झालेली असते. त्याच्या खिशातल्या डायरीच्या पहिल्या पानावर साप्ताहिक सुट्ट्यांचा तक्ता असतो: घारापुरी सोमवारी बंद, तारांगण सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. हा तक्ता निर्दोष असतो. त्यात फक्त मेगाब्लॉकची नोंद नसते. रुळांच्या व तारांच्या दुरुस्तीसाठी रविवारी काही तास लोकलगाड्या बंद किंवा वळत्या ठेवण्याच्या व्यवस्थेला मेगाब्लॉक म्हणतात, आणि तिची माहिती दर्शनकाराला डोंबिवलीच्या मेव्हण्याकडून, सगळे कपडे करून, पाण्याच्या बाटल्या भरून दारात उभे राहिल्यावर मिळते.

दर्शनाला प्रारंभ मात्र डोंबिवली गाठण्यापूर्वीच झालेला असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडताच दर्शनकार कुटुंबाला रस्त्यापलीकडे नेतो, मागे वळवतो आणि ज्या इमारतीतून ते आत्ताच बाहेर आले तिच्याकडेच पाहायला लावतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची रचना, १८७८ मध्ये आरंभ, दहा वर्षे काम, २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश, हा तपशील तो एका दमात सांगतो. धाकटी त्या वेळी शेंगाचटणी आणि दशम्यांच्या पिशवीवर बसलेली असते, आणि तिच्या आईचे सगळे लक्ष पिशवीतला डबा उलटला की काय इकडे असते. थोरला तेरा-चौदा वर्षांचा असून त्याची अनिच्छा मूक प्रकारची असते: कोणत्याही वास्तूसमोर तो तिरका उभा राहतो, म्हणजे वास्तूकडे पाठ फिरवल्याचा आरोपही येत नाही आणि तिच्याकडे पाहिल्याचे श्रेयही द्यावे लागत नाही. धाकटीची अनिच्छा बोलकी असते व ती ‘अजून किती राहिलंय?’ या एकाच वाक्यात सामावते.

गेटवे ऑफ इंडियापाशी दर्शनकाराची विद्वत्ता प्रथम अडचणीत येते. पंचम जॉर्ज १९११ मध्ये येथे उतरला म्हणून ही कमान बांधली, असे तो सांगतो. ती पुरी होऊन उघडली गेली ४ डिसेंबर १९२४ रोजी, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आणि मग धाकटी, जी ऐकत नव्हती अशी सर्वांची समजूत होती, विचारते की म्हणजे राजा आला तेव्हा हे नव्हतेच का. राजाला तेव्हा पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली गेली, हे ऐकून तिला जो आनंद होतो तो जॉर्ज विटेटच्या बेसॉल्टच्या मूळ कमानीने होत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातला पुठ्ठ्याचा किल्ला तिने स्वतः रंगवलेला असतो.

थोरल्याची मान वर होण्याचा प्रसंग एकच. शेजारचे ताजमहाल हॉटेल चुकून उलटे बांधले गेले आणि ते पाहून वास्तुकाराने जीव दिला, ही दंतकथा दर्शनकार सांगू लागतो तेव्हा तो मोबाइल खाली करतो. वास्तविक १९०३ मध्ये उघडलेल्या या हॉटेलाचे मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला मुद्दामच ठेवले होते, पुढे समुद्राकडची बाजू दर्शनी झाली, आणि कथेला आधार असा काही नाही. ही दुरुस्ती थोरला मोबाइलवरच शोधून काढतो व वडिलांना वाचून दाखवतो. चार दिवसांत मुलाने आपणहून वाचलेला इतिहास एवढाच. परंतु दर्शनकाराला त्याचा आनंद होत नाही.

घारापुरीच्या लाँचला तासभर लागतो. मुलांची नजर लाँचमागे येणाऱ्या समुद्रपक्ष्यांवर असते, नंतर धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत नेणाऱ्या छोट्या गाडीवर, नंतर मक्याचे कणीस हिसकावणाऱ्या माकडावर; लेण्यात पोचेपर्यंत कुतूहलाचा साठा संपलेला असतो. प्रसिद्ध त्रिमुखी मूर्ती ब्रह्मा, विष्णू, महेश यांची असल्याचे दर्शनकार सांगतो. अभ्यासकांच्या मते ती तिन्ही मुखे शिवाचीच आहेत, परंतु या वेळी थोरल्याच्या मोबाइलची बॅटरी उतरलेली असल्यामुळे विधान निभावून जाते. बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगिजांनी तेथील दगडी हत्तीवरून दिले, असे कळल्यावर ‘हत्ती कुठंय?’ हा प्रश्न येतो, आणि तो अत्यंत रास्त असतो. तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारीची साखळी तुटून पडला व त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडून तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा करण्यात आला. काळा घोडा चौकात आज जो घोडा आहे त्यावर स्वार नाही, याचेही उत्तर तेच: सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला आणि पुढे तोही राणीच्या बागेतच आला. मुंबईत जे जागेवर सापडत नाही ते राणीच्या बागेत पाहावे, असा नियम यातून निघतो.

त्या बागेत दर्शनकार हत्तीची भेट घडवून घारापुरीचे अपुरे दर्शन पुरे करू पाहतो. पण २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेल्या पेंग्विनांची इमारत त्याच आवारात आहे. मे महिन्याच्या दुपारी, घामाने सदरा पाठीला चिकटलेला असताना, वातानुकूलित अंधारात काचेपलीकडे पोहणारे पक्षी पाहायला मिळत असतील तर दीडशे वर्षांपूर्वी फुटलेल्या हत्तीकडे कोण जाईल? दर्शनकार एकटाच जातो. हत्तीच्या पायाच्या सांध्यातली जोडाची रेघ बोटाने दाखवण्यासाठी त्याने हात उचललेला असतो, आणि शेजारी कोणी नसते.

मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट मात्र टाळता येत नाही, कारण दर्शनकाराच्या घरच्या शोकेसमध्ये त्याचा स्वतःचा नवव्या वर्षी त्या बुटाच्या खिडकीत काढलेला फोटो आहे. फोटोत त्याच्या कपाळाला आठ्या आहेत, एक मोजा खाली घसरला आहे आणि नजर कॅमेऱ्याकडे नसून डावीकडे, बहुधा गोळेवाल्याकडे आहे. या पुराव्याचा अर्थ त्याच्या पत्नीला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत लागलेला असतो. म्हणून थोरला बुटात चढायला नकार देतो तेव्हा ती ‘अहो, राहू द्या की’ एवढेच म्हणते आणि गोळ्याचे पैसे काढते.

परतीच्या गाडीत कर्जतला वडे येतात. सहलीतले सर्वांत चांगले काय, या प्रश्नावर दोन्ही मुलांचे एकमत होण्याचे हेच एक स्थानक. दर्शनकार वाद घालत नाही. तेलकट बोटे कागदाला पुसून तो डायरीचे नवे पान उघडतो आणि घाट चढून लोणावळा येण्यापूर्वी त्यावर ‘हैदराबाद’ असे लिहून खाली रेघ मारतो, व रेघेखाली: सालारजंग संग्रहालय, शुक्रवारी बंद.