शेतकरी नाना

मरोळच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी नाना असतातच. बँकेतून निवृत्त, साखर बॉर्डरवर आणि गावची जमीन भावकीत गेलेली. ती सातबाऱ्यावरून गेली, डोक्यातून नाही. असे नाना मग सकाळी रिक्षा करून आरेत जातात.

आरेचं एक बरं आहे. शहरातल्या गल्लीबोळांतले तबेले हलवायचे म्हणून सरकारनं १९४९ साली ही दूध वसाहत उभारली. तबेले ३२, म्हशी हजारोंनी. तेव्हा शेणखताला तोटा नाही. नानांच्या मते अर्धी शेती म्हणजे शेणखत. उरलेली अर्धी म्हणजे बोलणं, असं माझं मत.

पाड्यावरच्या एका वारली आजींनी त्यांना परसातला दोन खाटा मावतील एवढा तुकडा दिलाय. खरं तर नाना आजींना शेती शिकवायला आले होते. आजी मिरगाचा पाऊस पडला की वालाचं, काकडीचं, शिराळ्याचं बी टाकतात, भोवती काट्या रोवतात आणि आपल्या कामाला लागतात. नानांनी वाफे दोरी धरून आखले, भुसभुशीत केले आणि प्रत्येकावर पुठ्ठ्याची पाटी लावली. पाटी वाचायला पहिली आली ती शेळी. तिनं आधी 'पालक' ही पाटी खाल्ली, मग पालक खाल्ला. भुसभुशीत माती कोंबड्यांना इतकी आवडली, की सगळं खानदान रोज तिथंच अंघोळीला येऊ लागलं.

मग हिरवी जाळी आली. जाळीत कोंबडा अडकला. त्याला सोडवता सोडवता नाना टोमॅटोच्या रोपांवर बसले.

शेजारच्या तबेल्यातलं एक रेडकू मात्र नानांचं खास. दावं सोडवून घेतं, कुंपणावर हनुवटी टेकतं आणि तासभर ऐकत राहतं. इतक्या शांतपणे नानांचं घरी कुणी ऐकलेलं नाही. एकदा त्याला पिकांवरचे रोग समजावताना नाना ओरडले, "आजी, मिरचीवर बोकड्या पडलाय!" आजी काठी घेऊन धावल्या. दोघांचंही खरं निघालं. फुलकिड्यांनी पानं आकसून टाकली होती आणि आकसलेली पानं बोकड चघळत होता.

"नाना, त्याला नका मारू," आजी म्हणाल्या, "तुमची औषधाची फवारणी वाचली."

रिक्षा, जाळी, निंबोळी तेल आणि पाकिटातलं बी धरून काकूंनी हिशेब केला: एक भेंडी साडेतीनशे रुपयांना पडते. काकू तो आकडा पाहुण्यांना सांगतात, नाना तेवढ्यात पाणी प्यायला आत जातात.

दिवस कलला, की आजी त्यांना घरी पिटाळतात. बिबट्याला सेंद्रिय-असेंद्रिय कळत नाही.

गेल्या रविवारी नानांनी सोसायटीत भाजी वाटली. घरची, स्वतः पिकवलेली. मला दोन शिराळी मिळाली, कोवळी, उत्तम. नानांच्या वाफ्यात पालक, टोमॅटो, भेंडी आणि मिरची आहे.