मला आधीच कळलं होतं

पलटी मारणारा सिनेमा चारचौघांत बघू नये. एकट्याने बघावा आणि गुपचूप फसावं. आम्ही 'नाइन क्वीन्स' सहकुटुंब बघितला आणि घरात पक्ष पडले.

सिनेमा अर्जेंटिनाचा, २००० सालचा. लेखक-दिग्दर्शक फाबियन बिएलिन्स्की. तिकडे तो गाजला, हॉलिवूडने २००४ मध्ये 'क्रिमिनल' नावाने त्याची नक्कलही काढली. आपल्याकडे मात्र 'मनी हाइस्ट'ची पारायणं केलेल्यांनाही त्याचा पत्ता नाही. ब्वेनोस आइरेसमधले दोन भामटे, मुरलेला मार्कोस आणि नवखा ह्वान, पेट्रोल पंपावरच्या दुकानात भेटतात आणि जुन्या जर्मन टपाल तिकिटांची नकली शीट एका धनाढ्य स्पॅनिश माणसाच्या गळ्यात मारायला निघतात. पुढचं सांगणार नाही. दाजींनी मात्र सगळं सांगितलं, तेही सिनेमा चालू असताना.

दाजींचा पक्ष 'मला आधीच कळलं होतं' हा. पडद्यावर कुणीही आलं की ते पुढे सरसावत. "हा! हाच आतून मिळालेला." हॉटेलचा नोकर, मार्कोसची बहीण, नकली तिकिटं बनवणारा म्हातारा, तिकिटं तपासणारा तज्ज्ञ, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. अर्ध्या शहरावर संशय घेतल्यावर एखादा खरा निघणारच. निघाला तेव्हा त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की पटकथा त्यांनीच लिहिली असावी.

त्यांची लेक इंजिनिअर. तिचा पक्ष 'पण समजा' वाल्यांचा. पण समजा, तो ऐनवेळी नाही म्हणाला असता तर? पण समजा, टॅक्सी मिळाली नसती तर? वही घेऊन बसली असती तर बिएलिन्स्कीला काठावर पास केलं असतं. मुद्दा खोटा नाही. बेतात योगायोग फार आहेत. माझं म्हणणं एवढंच, की हा बेत घड्याळावर नाही, हावरटपणावर बेतलेला आहे, आणि हावरट माणूस कधी गाडी चुकवत नाही. तिला पटलं नाही. "हे गणितात बसत नाही, मामा."

मला स्वतःला पलटीपेक्षा सुरुवातीच्या बारक्या लबाड्याच जास्त आवडल्या. मार्कोस इमारतीखाली उभा राहून घंटीची बटणं दाबत सुटतो. वर म्हातारीने आवाज दिला की लाडात म्हणतो, "मावशी?" नाव तो सांगतच नाही. ते म्हातारीच पुरवते. एवढ्या प्रेमाने हाक मारणारा भाचा कुठला, हे तीच आठवून काढते. मग पोराची गाडी बंद पडलेली असते आणि थोडे पैसे हवे असतात. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. मार्कोस झालेला रिकार्दो दारीन हे असं करतो, की आपणही दोन-पाचशे काढून द्यावेत.

आमच्या मावशीला मात्र यातलं काहीच ग्राह्य नव्हतं. तिची ठेव एका सहकारी बँकेत अडकून बसली होती, त्यामुळे तिच्या लेखी सिनेमात एकच खरा प्रसंग: शेवटाकडे बँक बुडते आणि बंद दारावर लोक थडकतात तो. "भामटे राहू देत," ती म्हणाली, "मॅनेजर कुठाय?" गंमत म्हणजे हा प्रसंग आधी पडद्यावर आला आणि मग रस्त्यावर. २००१ च्या डिसेंबरात अर्जेंटिनाच्या सरकारने खातीच गोठवली. आठवड्याला २५० पेसो काढा म्हणाले. लोक भांडी बडवत रस्त्यावर आले. 'पण समजा' पक्षाला यावर बोलायला काही उरलं नाही.

बिएलिन्स्की ४७ व्या वर्षी, २००६ मध्ये गेला. मागे दोनच चित्रपट. दुसरा, 'एल आउरा', आम्ही अजून लावलेला नाही. दाजींना म्हणे त्याचाही शेवट माहीत आहे.

सिनेमाचा परिणाम खऱ्या अर्थाने झाला तो मावशीवर. परवा माझ्या धाकट्या भावाने बंगळुरूहून नव्या नंबरवरून तिला फोन केला आणि लाडात आला. "मावशी, ओळख कोण?" तिने त्याला आजोबांचं पूर्ण नाव विचारलं. त्याला येईना. तिने फोन ठेवला आणि लगेच आईला लावला, "तुझ्या मुलाच्या नावाने कुणीतरी भामटा फोन करतोय. आणि तो खराच तुझा मुलगा असेल, तर जास्तच वाईट."