सर्व्हे चालू आहे

परभणी जिल्ह्यात कुठल्याही गल्लीत दगड मारा, तो रेल्वेतल्या एखाद्या काकांच्या दारात पडतो. पूर्णेला इंजिनांचं शेड होतं, परभणी जंक्शनातून परळीचा फाटा फुटतो, शिवाय सेलू, मानवत रोड, गंगाखेड आहेतच. एवढ्या पसाऱ्यात कुणाचा ना कुणाचा चुलता रेल्वेत असायचाच. निवृत्तीनंतर यांतले बरेच जण पारायणाला लागतात, काही बांधाच्या भांडणाला लागतात आणि एखादाच सर्व्हेला लागतो. सर्व्हेला लागलेले काका आमच्या गल्लीत आहेत.

काकांची उभी हयात मालधक्क्यावर गेली. गाडी चालवायचा योग त्यांना कधी आला नाही. त्यांनी पावत्या फाडल्या, वाघिणी मोजल्या आणि प्रत्येक कागदावर 'पुढील कार्यवाहीस्तव सादर' लिहून तो वर पाठवला. आता त्यांच्या अंगणात स्वतःची रेल्वे आहे. तुळशीवृंदावनाला वळसा घालून, डाळिंबामागून निघून, बोअरच्या पेटीजवळून ती परत तुळशीपाशी येते. इंजिन आणि रूळ भाच्यानं जर्मनीहून आणले. एलजीबी या तिथल्या ब्रँडच्या बागेत चालणाऱ्या गाड्या 1968 पासून मिळतात. रुळांमधलं अंतर 45 मिलिमीटर, प्रमाण 1 ला 22.5.

"45 ला 22.5 नं गुणा," काका सांगतात. गुणाकार येतो 1012.5 मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक मीटर. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास इथून हैदराबाद-मनमाड लाइन धावू लागली ती मीटरगेजच होती. नव्वदच्या दशकात ती रुंद झाली. पूर्णा-अकोल्याच्या बाजूला लहान गाडी आणखी टिकली, 2008 च्या सुमारास तीही गेली. "लाइन बंद करताना आपल्याला कोणी विचारलं नाही. म्हणून ती आपण घरी चालू ठेवली." जगात जर्मनी, भारतात परभणी ही म्हण काकांनी अशी अंगणात खरी करून दाखवली. इंजिन तिकडचं, मुरूम इकडचा.

इथवर सगळं सुरळीत होतं. दिवाळीत पुण्याहून नातू आला, त्यानं पाच फेऱ्या बघितल्या आणि विचारलं, "आजोबा, ही गाडी जाते कुठं?" प्रश्न वर्मी लागला. गोल फिरणारी गाडी कुठंच जात नाही. तिला कुठंतरी जायचं कारण हवं. आणि या जिल्ह्यात मालगाडीला कारण म्हणजे कापूस. त्याच रात्री प्रस्ताव तयार झाला: कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आठ मीटरची सायडिंग आणि तिच्या टोकाला जिनिंग, मालधक्का, वजनकाटा, गेटमनची चौकी, दोन क्वार्टर.

नकाशा बघण्यासारखा आहे. कडेला कड चिकटवलेले दोन ड्रॉइंगचे कागद, चार कोपऱ्यांवर अडकित्ता, खलाचा बत्ता, चष्म्याचं घर आणि एक फिशप्लेट. चालू लाइन काळी, प्रस्तावित लाइन निळी. तांबड्या पेन्सिलीनं समासात 'हरकत' लिहिलेलं. हरकत कोणाची म्हणाल, तर काकांचीच. सकाळी चहानंतर ते अर्जदार असतात. निळ्या पेन्सिलीनं प्रस्ताव मांडतात. दुपारी झोप झाली की ते लेखा विभाग होतात आणि तोच प्रस्ताव तांबड्या पेन्सिलीनं परत पाठवतात. चाळीस वर्षं हरकती झेललेल्या माणसाला हरकत घ्यायला मिळाली की काय होतं, ते त्या समासात दिसतं.

पहिली हरकत सांध्याची. फाटा जाणाऱ्या गाडीच्या तोंडासमोर फुटावा की पाठीमागं? तोंडासमोर फुटला तर इंजिन डबे ओढत थेट आत जातं आणि बफरपाशी स्वतःच कोंडलं जातं. पाठीमागं फुटला तर गाडी सांध्यापुढं काढायची, मग डबे मागं ढकलत आत घालायचे, ते तिथं सोडायचे आणि इंजिन मोकळं. मोठ्या रेल्वेत हेच सोयीचं. पण तसा सांधा बसवायचा तर तो नेमका तुळशीच्या कट्ट्याला खेटून येतो. या मुद्द्यावर गल्लीतल्या किराणा दुकानदारापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांची मतं घेऊन झाली आहेत. इस्त्रीवाला ट्रेलिंगच्या, म्हणजे पाठीमागं फुटणाऱ्या सांध्याच्या बाजूचा आहे.

दुसरी हरकत उताराची. यार्डात उतार 1 ला 400 हून तीव्र नको, हा रेल्वेचा दंडक. अंगण मात्र पाणी वाहून जावं म्हणून भिंतीकडं आठ मीटरमध्ये दहा सेंटिमीटर उतरतं, म्हणजे 1 ला 80. "सोडलेली वाघीण आपोआप नालीत," काका म्हणतात. मग टोकाला आठ सेंटिमीटर भराव हवा. भराव घातला की मोरीचं पाणी केळीकडं जायचं बंद. म्हणजे भरावात पूल आला. पूल आला की त्याचं वेगळं ड्रॉइंग आलं.

तिसरी हरकत मातीची, आणि ती खरोखर बिनतोड आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तळहात जाईल एवढ्या भेगा टाकते. रूळ पितळी. थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत रुळाच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरला, तर आठ मीटरचं पितळ साडेसात मिलिमीटर वाढतं. जोडात फट ठेवली नाही तर मे महिन्यात सायडिंगची जिलेबी होणार. म्हणून वीतभर माती काढा, मुरूम ठोका, वर बारीक खडी पसरा. काकांनी मुरमाची एक पाटी मागवलीसुद्धा. ती कुंड्यांमध्ये गेली.

राहिलं भूसंपादन. निळी रेघ काकूंच्या गवती चहातून आणि कढीपत्त्याच्या मुळावरून जाते. काकांनी फक्की मारून आखणी केली, त्या दिवशी काकू झाडू घेऊन बाहेर आल्या.

"हे काय करू लागलात?"

"आखणी आहे. मोबदला मिळंल."

"मग समृद्धी हायवेवाल्यांनी दिला तसा पाचपट द्या. अन् कट्ट्याला रूळ लागला तर तुमची गाडी गेली उडत."

फक्की झाडून टाकण्यात आली. फायलीत नोंद आहे: 'स्थानिक विरोधामुळे मोजणी तहकूब.'

इमारतींचं काम त्यामानानं पुढं गेलंय, म्हणजे त्यांचे पुठ्ठे कापून झालेत. प्रमाणात माणूस साडेसात सेंटिमीटर, दार नऊ सेंटिमीटर. मालधक्क्याचं छत जुन्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, पन्हाळी काढून. कापसाच्या गाठी म्हणजे गोणपाटात शिवलेला खराखुरा कापूस, वर सुतळीचे बंद. त्या पाहून काकांचा हात आपोआप हिशेबाला लागतो. घोडं अडलं ते बैलांवर. बैलगाड्यांशिवाय जिनिंग कसलं? पोळ्याला बाजारातून मातीची जोडी आणली, ती निघाली बारा सेंटिमीटर उंच. प्रमाणात बैल सहाचा हवा. मालधक्क्यापाशी ती जोडी उभी केली की सर्कस उतरल्यासारखी दिसते आणि आतला हमाल त्यांच्या पोटाखालून ये-जा करतो.

नातवानं उन्हाळ्यात फोनवर सरळ सांगितलं, "आजोबा, पुण्यात भाऊ जोशींनी अख्खं छोटं शहर केलंय, गाड्यांसकट." कोथरूडचं ते छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांना खुलं आहे. काका डगमगले नाहीत. "ते पुणं आहे बाबा. आपण मराठवाड्यात आहोत. नगर-बीड-परळी लाइन 1995 ला मंजूर झाली अन् बीडला गाडी आली 2025 ला. तीस वर्षं. मला तीन उन्हाळे तरी द्या."

माझं स्पष्ट मत आहे की ही सायडिंग होणार नाही, आणि पैसा, जागा किंवा ऊन हे त्याचं कारण नाही. काका अर्जदार आहेत, हरकतदार आहेत आणि मंजुरी देणारेही तेच आहेत. रूळ पडला की तिन्ही जागा एकदम रद्द होतील आणि ते दुसऱ्यांदा निवृत्त होतील. पहिल्या वेळी निदान निरोप समारंभ आणि शाल-श्रीफळ होतं.

तेव्हा परभणीला आलात तर काकांकडं जरूर जा, नकाशा मागा, सांध्याबद्दल आपलं मत द्या. ते वहीत नोंदवून घेतलं जाईल. कधी होणार, एवढं मात्र विचारू नका. आणि येताना कुठं सहा सेंटिमीटरचे बैल दिसले तर दोन जोड्या घेऊन या. पैसे काका रोख देतात, पावती तेवढी लागते.